केसपेपर कोणत्या ओपीडीचा?



कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या खिडकीपाशी थोडा वेळ थांबलात, तर एक संवाद हमखास कानावर येतो. सून किंवा मुलगा एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा दंड धरून उभा असतो. आतला कारकून मान वर न करता विचारतो, "काय होतंय?" "विसरतात हो फार." "बरं, मग कोणती ओपीडी?" इथं सगळं अडतं. मेडिसिन, न्यूरो की मानसोपचार? मागची रांग कुरकुरायला लागते आणि शेवटी कारकूनच एक शिक्का मारून टाकतो. पुढं काय होणार, ते बरंचसं त्या शिक्क्यावर ठरतं. मेडिसिनला गेलेल्याची साखर तपासतात, न्यूरोला गेलेल्याचा एमआरआय निघतो, मानसोपचारात गेलेल्याला झोप कशी लागते ते विचारतात. माणूस तोच आणि तक्रारही तीच.

स्मरण, लक्ष, भाषा, विचारांचा वेग, जागेचं भान, एखादं काम आखून तडीस नेणं या मेंदूच्या रोजच्या कामांपैकी काही बिघडलं, की डॉक्टर त्याला कॉग्निटिव्ह डिसफंक्शन म्हणतात. या गोष्टी मोजणं हा माझा पेशा आहे. माझ्या टेबलासमोर अल्झायमरचे रुग्ण बसतात, तसेच स्किझोफ्रेनियाचे, मधुमेहाचे, लकव्याचे, कॅन्सरच्या उपचारांतून उठलेले आणि कोविडनंतर 'डोकं चालत नाही' म्हणणारेही बसतात. बिघाड रुग्णालयाच्या विभागांप्रमाणे वाटून घेतलेला नसतो, हे एवढं मला आज सांगायचं आहे. विभाग आपण पाडले आहेत, आणि तेही तसे अलीकडेच.

अलॉइस अल्झायमर हे मनोविकारतज्ज्ञ होते. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात १९०१ मध्ये त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या एका बाईंना तपासलं. पुढं त्या वारल्यावर त्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेनच्या सभेत निष्कर्ष मांडले. सभेत कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. १९१० मध्ये त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात त्या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. याच क्रेपेलिननी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऐन तारुण्यात सुरू होणाऱ्या एका आजाराला 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली बुद्धिभ्रंश, म्हटलं होतं. १९११ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांच्या ग्रंथानं त्याचं 'स्किझोफ्रेनिया' हे नाव रूढ केलं. म्हणजे दोन्ही आजार एकाच माणसाच्या एकाच पाठ्यपुस्तकात शेजारी नांदत होते. पुढं एक न्यूरोलॉजीकडे गेला, दुसरा सायकियाट्रीत राहिला, आणि भावाभावांच्या वाटणीत होतं तसं काही सामान दोघांच्याही हिश्शात न येता अंगणातच पडून राहिलं.

ते सामान म्हणजे स्किझोफ्रेनियातली विचारशक्तीची झीज. कानात आवाज येतात, संशय येतो, हे सगळ्यांना दिसतं, औषधं त्यांच्यावर चालतात. पण आवाज थांबल्यावरही मुलगा नोकरीवर टिकत नाही. का? तीन कामं सांगितली तर दुसऱ्याशी तो थबकतो. चौघांच्या बोलण्यात धागा त्याच्या हातून सुटतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. मायकेल ग्रीन यांनी १९९६ मध्ये तोवरचं संशोधन एकत्र तपासून दाखवलं, की असा रुग्ण समाजात कितपत उभा राहील हे सांगायला आवाज आणि संशयापेक्षा स्मरण आणि लक्ष यांच्या चाचण्या जास्त उपयोगी पडतात. पुण्यातल्या 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन'च्या कुटुंबांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ती संस्था उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेला होता. 'देवराई' हा चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्यातला स्किझोफ्रेनिया झालेला शेष कोड्यात पडतो ते नुसत्या भासांमुळे नव्हे. समोरचं जग त्याला एका वेळी एका हातात धरता येत नाही, हेही त्या कोड्यात आहे.

आता तिसरा विभाग, मेडिसिन. इथली गोष्ट आपल्या भाकरीपाशी येते. पेलाग्रा या आजारात कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि बुद्धी भ्रमिष्ट होते. जगभर हा मका खाणाऱ्या गरिबांचा आजार मानला जात होता. दख्खनमध्ये तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसत होता. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवलं. या आजाराचं मूळ नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या तुटवड्यात, आणि नायसिन दिलं की भ्रमिष्ट माणूस काही दिवसांत ताळ्यावर येतो. ज्वारी वाईट असा याचा अर्थ नाही. भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी पोटात गेली तर काही होत नाही. नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्याला होतं. वेड्यांच्या इस्पितळात पोहोचलेल्या माणसाचा आजार त्याच्या ताटात होता, एवढं ध्यानात ठेवा.

आज पेलाग्रा दुर्मीळ झाला आहे. त्याची जागा बी-१२ या जीवनसत्त्वाच्या तुटवड्यानं घेतली आहे असं म्हणणं थोडं जास्तच होईल, पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांचं काम पाहण्यासारखं आहे. २००६ मध्ये त्यांनी पुणे शहर आणि भोवतालच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं. शहरातल्या मध्यमवर्गीयांत तर हे प्रमाण ८१ टक्क्यांवर होतं. ज्यांच्या घरी फ्रिज भरलेला, त्यांच्याच रक्तात तुटवडा. मांसाहार नाही, दूधही बेताचंच, हे त्याचं सरळ कारण. पुढं याच मंडळींनी गरोदरपणात आईचं बी-१२ कमी असलेल्या मुलांच्या नवव्या वर्षी लक्ष आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा ती मुलं थोडी मागं पडलेली दिसली. राजस्थानातही शाकाहारी घरं पुष्कळ, आणि आपण मराठी लोक इथं राहून त्यांच्यात मिसळलो आहोत. तेव्हा घरातल्या आजोबांचं विसरणं वाढलं असेल, पायांत मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर बी-१२ ची तपासणी आधी करून घ्या. थायरॉइडचीही करा. मात्र ज्यांचं बी-१२ मुळात पुरेसं आहे त्यांनी बुद्धी वाढावी म्हणून इंजेक्शनं टोचून घेऊ नयेत. त्यानं काही होत नाही, पैसे तेवढे जातात.

गोळ्यांविषयीही आत्ताच बोलून घेते. सर्दी-खाजेची झोप आणणारी गोळी, वर्षानुवर्षं चाललेली झोपेची गोळी, लघवी आवरायची गोळी, हातापायांच्या थरथरीवरची गोळी, यांतल्या कितीतरी म्हाताऱ्या मेंदूला जड जातात. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या एकत्र कुणी पाहतच नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. त्यात आयुर्वेदिक पुड्याही आल्या आणि शेजारणीनं दिलेल्या गोळ्याही.

आणि एक गोष्ट घरोघर चुकते. आजी पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या रात्री त्या सलाइनची नळी ओढू लागल्या, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाल्या, सकाळी पुन्हा ठीक. घरचे घाबरतात, 'वेड लागलं' म्हणतात. हे वेड नाही आणि अल्झायमरही नाही. याला डेलिरियम म्हणतात. तो तासातासाला कमीजास्त होतो. त्याच्या मुळाशी कुठंतरी जंतुसंसर्ग असतो, सोडियम उतरलेलं असतं, पाणी कमी पडलेलं असतं, नाहीतर नवीन औषध सुरू झालेलं असतं. इथला मे महिना तुम्हाला माहीत आहेच. उन्हाळ्यात पाण्यावाचून एखादा म्हातारा माणूस दोन दिवसांत असा भ्रमात जाऊ शकतो. मी खाटेपाशी जाऊन वारांची नावं उलटी म्हणायला सांगते. रविवार, शनिवार, शुक्रवार... इथं माणूस घसरून पुन्हा शनिवारवर आला, की स्मरणशक्तीच्या बाकी चाचण्या त्या दिवशी बाजूला ठेवते. लक्षच जाग्यावर नसेल तर स्मरण मोजून काय करणार? अशा वेळी चष्मा, कानातलं यंत्र, ओळखीचा चेहरा आणि रात्री मंद दिवा यांचा औषधाइतका उपयोग होतो.

मग हे सगळे बिघाड एकमेकांपासून ओळखायचे कसे? एक चाचणी सांगते. मी दहा शब्द वाचून दाखवते, त्यांत एक 'पेरू' असतो. मध्ये वीस मिनिटं दुसरीच कामं देते, मग शब्द विचारते. नैराश्यात असलेले गृहस्थ विचार करण्याआधीच म्हणतात, "नाही आठवत. माझ्याकडून काही होत नाही." मी म्हणते, "एक फळ होतं बघा." ते हळूच म्हणतात, "पेरू." शब्द आत गेलेला होता, बाहेर काढायची ताकद उरली नव्हती. दुसऱ्या एक काकू प्रसन्न हसतात, "फळ? नाही बाई, फळ नव्हतं त्यात काही," आणि यादीत नसलेले चार शब्द ठामपणे सांगतात. त्यांच्याकडे शब्द साठलाच नाही. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसपासून सुरू होणाऱ्या अल्झायमरची ही ठरलेली खूण. लहान लहान रक्तवाहिन्या बंद पडत गेलेल्यांचं आणखी वेगळं असतं. त्यांना उत्तर येतं, पण वेळ फार लागतो आणि दोन गोष्टी एकदम सांभाळता येत नाहीत. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे यांनी ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली, तेव्हा दर सात मृत्यूंमागं एक पक्षाघाताचा निघाला. म्हणजे रक्तदाबामुळं होणारी मेंदूची ही झीज फक्त शहरातल्या सुखवस्तूंना होते, असं कुणी समजू नये.

या खुणा पुस्तकात आखीवरेखीव दिसतात, माणसांत नाही. नैराश्यामुळं येणाऱ्या विस्मरणाला १९६१ मध्ये किलोह यांनी 'स्यूडोडिमेन्शिया', म्हणजे खोटा बुद्धिभ्रंश, म्हटलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढं खराच बुद्धिभ्रंश झालेला दिसला. उतारवयातलं पहिलंवहिलं नैराश्य कधी कधी त्याचाच निरोप घेऊन येतं. आणि 'तपासा, बरं होईल' असं मी एवढं सांगते आहे तर दुसरी बाजूही सांगायला हवी. क्लारफील्ड यांनी २००३ मध्ये ३९ अभ्यास एकत्र केले. बुद्धिभ्रंशाच्या रुग्णांत बरं होऊ शकेल असं कारण सुमारे ९ टक्क्यांत सापडलं. प्रत्यक्षात सुधारले ते एक टक्क्याहूनही कमी. तरी मी तपासायलाच सांगेन. अल्झायमर झालेल्या माणसाचंही थायरॉइड, रक्तदाब, ऐकू येणं सुधारलं तर त्याचा दिवस सोपा जातो, आणि त्याला आंघोळ घालणाऱ्याचाही.

आता मोजमापाकडे येते. जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी १९७५ मध्ये फोलस्टाइन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी अमेरिकेत तयार केली. गुण ३०, आणि २४ च्या खाली गेलात की संशय. आज तारीख काय, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. मी एका शेतकरी आजींपुढं हा कागद ठेवला होता. पेन्सिल त्यांनी उलथनं धरावं तशी मुठीत धरली. तारीख सांगता आली नाही, पण संकष्टी परवा होऊन गेली हे सांगितलं. शंभरातून सात जमलं नाही. मग मी म्हटलं, "शंभराची नोट दिली, तेरा रुपयांची कोथिंबीर-मिरची घेतली." "सत्त्याऐंशी परत," त्या म्हणाल्या, "आणि तेरा रुपयाला कोण देतं?" कागदावर त्यांना चौदा गुण मिळाले होते. चौदा गुणांच्या त्या बाई घरचा अख्खा व्यवहार बघत होत्या.

इथं आमेरमध्ये उभं राहून मला सवाई जयसिंगांची आठवण येते. १७२७ मध्ये राजधानी इथून खाली जयपूरला नेणारा हा राजा आकाश मोजायचं वेड घेऊन बसला होता. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट होते, ज्यांनी युक्लिड आणि टॉलेमी अरबीतून संस्कृतात आणले. पितळेची यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, म्हणून जयसिंगांनी दगडचुन्याची प्रचंड यंत्रं बांधली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, काशी. पण एकाच आराखड्याची यंत्रं त्यांनी पाच ठिकाणी तशीच्या तशी ठेवली नाहीत. सम्राट यंत्राची तिरपी भिंत प्रत्येक गावी त्या गावच्या अक्षांशाच्या कोनात बांधली होती, इथं सुमारे सत्तावीस अंश, दिल्लीत त्याहून जास्त. दिल्लीचा कोन जसाच्या तसा उज्जैनला बसवला असता तर वेळ चुकीची दाखवली असती, आणि दोष सूर्याला लागला असता. आम्ही चाचण्यांच्या बाबतीत बरीच वर्षं नेमकं तेच करत आलो.

कोन बदलायचा पहिला मोठा प्रयत्न हरियाणातल्या बल्लभगडमध्ये झाला. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याच चाचणीची हिंदी आवृत्ती प्रसिद्ध केली, ती शाळेत न गेलेल्यांसाठीच होती. वाक्य लिहा याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा'. घरच्यांना विचारायचे प्रश्नही तिथलेच. सणवार लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का. पंचावन्नच्या पुढच्या ५,१२६ लोकांना त्यांनी तपासलं, त्यांतले ७३ टक्के निरक्षर होते. पासष्टच्या पुढं बुद्धिभ्रंश निघाला १.३६ टक्के, जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी एक. अलीकडं, २०२३ मध्ये, देशभरच्या पाहणीतून साठीच्या पुढच्यांचा अंदाज आला ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. दोन्हीच्या व्याख्या आणि पद्धती वेगळ्या, त्यामुळं त्यांची थेट तुलना होत नाही. तरी मला वाटतं, एकत्र कुटुंबात ज्या आजोबांना ताट वाढून मिळतं आणि व्यवहार मुलगा बघतो, त्यांचं काही बिघडलंय हे फार उशिरा कळतं. बिघाड दिसायला आधी काहीतरी काम हातात असावं लागतं.

जयपूरच्या मराठी आजीची पंचाईत आणखी वेगळी आहे. चाळीस वर्षं इथं काढून ती भाजीवाल्याशी फर्डं हिंदी बोलते, पण मोजते मराठीत, रागावते मराठीत, नवस बोलते तोही मराठीत. तिची चाचणी हिंदीत घेतली तर गुण कमी पडणारच, आणि ते आजाराच्या खात्यात जमा होणार. आयसीएमआरनं देशातल्या तज्ज्ञांकडून चाचण्यांचा एक मोठा संच तयार करून घेतला. २०२० च्या सुमारास तो पाच भाषांत आला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. गंमत अशी, की याच कामातल्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादेत ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहून २०१३ मध्ये दाखवलं होतं, की दोन भाषा बोलणाऱ्यांत बुद्धिभ्रंश सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला, शाळेत न गेलेल्यांतही. सगळ्या देशांत असंच दिसलेलं नाही, त्यामुळं याची जाहिरात करू नका. पण नातवंडांशी मराठी बोलणं थांबवायचं काही कारण नाही, एवढं तरी त्यातून घ्या.

घरी सांभाळणाऱ्यांसाठी आता गोव्याकडे वळते. १९९८ मध्ये '१०/६६' नावाचा एक जागतिक गट सुरू झाला. बुद्धिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब देशांत, संशोधन मात्र तिथं १० टक्केही नाही, अशी ती फोड. त्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातल्या लोकांशी बोलून २००१ मध्ये लिहिलं, की हा आजार आहे असं लोक मानतच नाहीत. वय झालं म्हणतात, नाहीतर सुनेनं नीट पाहिलं नाही म्हणतात. म्हणजे दिवसरात्र करणारी सूनच आरोपी. मग डॉ. अमित डायस यांनी 'संगत' या संस्थेतर्फे थोडंसं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना ८१ कुटुंबांसोबतच्या एका प्रयोगात उतरवलं. डॉक्टर क्वचितच. कार्यकर्त्या घरी जात, आजार समजावत, रात्री उठणाऱ्या माणसाचं काय करायचं ते दाखवत. २००८ मध्ये निष्कर्ष आले. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला होता. 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले, बुद्धिभ्रंश झालेले शास्त्रीबुवा रस्त्यात हत्ती पाहून त्याच्या मागं चालू लागतात आणि माहुताची बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. इथल्या आमेरच्या किल्ल्यावर हत्ती चढताना पाहिले की मला तो चित्रपट आठवतो. पण सांभाळणाऱ्यांना मी तो दाखवते तो हत्तीसाठी नाही, शास्त्रीबुवांच्या मुलीसाठी. तिचा चेहरा बघा म्हणते.

मेंदू बिघडवणारं आणखी एक कारण, आणि ते इथल्या श्रोत्यांपैकी काहींना उद्देशून. सांगली जिल्ह्यातून, विटा-खानापूर भागातून गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर गेलेली कुटुंबं इथंही असतील. चांदी शुद्ध करताना जिथं शिसं वापरलं जातं, तिथं त्याचा धूर आणि धूळ अंगावरून घरात येते. शिसं मोठ्यांचं लक्ष आणि स्मरण बिघडवतं, मुलांचं तर फारच, आणि त्यांचं झालेलं नुकसान भरून येत नाही. भट्टी आणि स्वयंपाकघर एका छताखाली असेल तर ते आधी वेगळं करा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, आणि मुलांच्या रक्तातलं शिसं एकदा तपासा. डॉक्टर आपणहून विचारणार नाहीत. तुमचा धंदा काय, हे तुम्हीच त्यांना सांगा.

शेवटी मागणं. मराठीतल्या चाचणीला खरा कोन हवा असेल, तर आम्हाला रुग्णांपेक्षा धडधाकट माणसं जास्त लागतात. साठीच्या पुढची, काही विसरत नाहीत असं घरचे म्हणतात अशी, आणि सगळ्या थरांतली. पदवीधर भरपूर मिळतात, निवृत्त शिक्षक तर बोलावण्याआधी हजर होतात. मिळत नाहीत ती चौथीत शाळा सुटलेली माणसं, आणि शाळेची पायरी न चढलेल्या बायका. 'आम्हाला काय येतंय' म्हणून त्या मागं सरतात. त्यांचे गुण नोंदले गेले नाहीत तर त्यांच्यासारख्या प्रत्येकीला आम्ही आजारी ठरवत राहू. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, सुई नाही, फी नाही, आणि चुकलं तर कुणी रागावत नाही. तुमच्या घरी अशी आजी असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. मी तिच्याकडे येईन, तिला इथं आणायची गरज नाही.